लाट पाहून पाट

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी मधुमेह, गुंतवणूक, संतसाहित्य अशा विषयांवर चांगली व्याख्याने होतात. यंदा सांस्कृतिक चिटणिसांनी माझा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा बऱ्याच जणांच्या भुवया वर गेल्या. ‘समुद्राच्या लाटांवर उभे राहून वल्हवायचा बोर्ड कसा निवडावा?’ एक काका म्हणाले, “अहो, म्हैसूरला समुद्र कुठे आहे?” प्रश्न रास्त आहे. मंगळूरचा किनारा येथून रस्त्याने अडीचशे किलोमीटरवर आहे.

विषय निवडण्याचे कारण असे. आपल्या मंडळातली पाच मुले-मुली सुट्टीत मुल्कीला जाऊन भाड्याच्या बोर्डावर हा खेळ शिकून आली. आता पाच जणांत मिळून एक बोर्ड विकत घ्यायचा त्यांचा बेत आहे. पैसे अर्थातच आई-वडिलांचे. मुलांनी मला एक जाहिरात दाखवली. हवा भरायचा बोर्ड, क्षमता ३०० लिटर, सोबत वल्हे आणि पंप मोफत. मुले म्हणाली, “काका, तीनशे लिटर म्हणजे बुडायचा प्रश्नच नाही!” आणि एका वहिनींनी बाजूला घेऊन विचारले, “भावोजी, खरंच नाही ना बुडणार?” या दोन वाक्यांच्या मधे जे अंतर आहे, त्यावर मी आज बोलणार आहे. मी गेली काही वर्षे सवड मिळेल तसा त्या किनाऱ्यावर जातो आणि हा खेळ खेळतो. पोटापाण्याचा धंदा रुळांचा असल्यामुळे उदाहरणे तिथलीच येतील, ती गोड मानून घ्यावीत.

प्रथम खेळाची ओळख. याला स्टँड-अप पॅडलिंग म्हणतात. साध्या सर्फिंगमध्ये माणूस फळीवर पालथा पडून हातांनी पाणी मारतो आणि लाट आली की उभा राहतो. यात तो आधीपासून उभाच असतो आणि हातात लांब वल्हे असते. हवाई बेटांवर वाइकीकी येथे सर्फिंग शिकवणारे लोक असे उभे राहून वल्हवत असत. पुढे लेअर्ड हॅमिल्टन, डेव्ह कलामा अशा खेळाडूंनी २००० सालाच्या सुमारास हा प्रकार जगभर नेला. कल्पना मात्र आपल्या देशाला परकी नाही. तमिळनाडूचे मच्छिमार ओंडके एकत्र बांधून त्यावरून फुटत्या लाटा ओलांडत आले आहेत. ‘कट्टुमरम’ म्हणजे बांधलेले लाकूड. इंग्रजीतला कॅटामरान हा शब्द तिथूनच गेला.

आपल्या कर्नाटकात मुल्कीला २००४ साली मंत्रा सर्फ क्लब सुरू झाला. मूळची मुंबईची ईशिता मालविया २००७ मध्ये मणिपालला शिकायला आली, इथे सर्फिंग शिकली, आणि मालप्याजवळ कोडी बेंग्रे येथे तिने व तिच्या साथीदाराने शाका सर्फ क्लब उभा केला. मुल्की भागातली तन्वी जगदीश वल्हवण्याच्या या खेळात राष्ट्रीय विजेती झाली. मार्च २०२४ मध्ये मुल्कीजवळच्या ससिहित्लू किनाऱ्यावर इंडिया पॅडल फेस्टिव्हल ही स्पर्धाही भरली. म्हणजे हे खूळ मुलांनी कुठून तरी परदेशातून उचललेले नाही. हे आपल्या शेजारच्या जिल्ह्यांतच चालले आहे.

आता मुद्द्यावर येतो. आमच्याकडे एखाद्या गाडीला कोणते इंजिन लावायचे हे इंजिनाचा रंग पाहून ठरत नाही. सेक्शन कोणता, चढ किती, भार किती हे आधी पाहतात. सकलेशपूर ते सुब्रह्मण्य रोड या पंचावन्न किलोमीटरच्या घाटात सत्तावन्न बोगदे आहेत आणि चढ पन्नासास एक आहे. मैदानात धावणारी गाडी तिथे जशीच्या तशी चालत नाही. बोर्डाचेही तसेच. आधी लाट पाहावी, मग माणसाचे वजन पाहावे, आणि पाट सर्वांत शेवटी पाहावा. मुलांनी क्रम उलटा लावला आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

लाट कशी पाहायची? समुद्रातून येणारी लाट उथळ पाण्यात शिरली की तिचा पाय अडतो आणि डोके पुढे जाते, म्हणून ती फुटते. ढोबळ हिशेब असा की, पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वा ते दीड पट उरली की लाट फुटते. म्हणजे एक मीटरची लाट फुटते तिथे पाणी जेमतेम छातीएवढे असते. यावरून एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा. बोर्डावरून पडताना डोके खाली करून सूर मारायचा नाही. अंग पसरून, पाण्यावर आडवे पडायचे. खाली वाळू फार लांब नसते.

किनाऱ्याचा उतार सौम्य असेल तर लाट लांबवर फेसाळत येते. उतार उभा असेल तर ती कमान करून एकदम आदळते. गंमत पाहा, पन्नासास एक हा उतार आमच्या इंजिनाला घाम फोडतो, पण किनाऱ्याच्या हिशेबात तो अगदी मवाळ. नवशिक्याला हवी ती फेसाळत येणारी, कमरेएवढी लाट. व्हिडिओत दिसणारी निळी कमान ही आपल्या कामाची नव्हे, आणि त्या कमानीसाठी बनवलेला छोटा, निमुळता बोर्डही आपल्या कामाचा नव्हे.

ससिहित्लूची सोय अशी की तिथे शांभवी आणि नंदिनी या नद्या समुद्राला मिळतात. आत खाडीचे शांत पाणी, बाहेर लाटा. शांत पाण्यावर दहा तास उभे राहायला शिकावे, मग बाहेर पडावे. मालवणकडच्या मंडळींना ही रचना ओळखीची वाटेल. देवबागला कर्ली नदी मिळते तिथेही असेच आहे. मात्र नदीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी पाण्याला बाहेरची ओढ असते. त्या वेळी मुखाजवळ जायचे नाही. आणि जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत शिकाऊ माणसाने या किनाऱ्यावर पाण्यात उतरायचे नाही. स्पर्धा खेळणारे मे-जूनच्या मोठ्या लाटांवर उतरतात, ते त्यांचे शिक्षण निराळे आहे.

आता पाट. पहिले माप रुंदीचे. पाण्यावर उभे राहिल्यावर फळी कुशीवर किती सहज कलंडते, हे मुख्यतः रुंदीवर ठरते. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आपण बीमचा मोमेंट ऑफ इनर्शिया काढायचो, त्यात उंचीचा घन येतो. इथे तोच घन रुंदीचा येतो. २८ इंचाऐवजी ३२ इंच रुंद बोर्ड घेतला तर रुंदी वाढते फक्त एक-सप्तमांश, पण कलंडण्याला विरोध जवळजवळ दीडपट होतो. लांबी नऊ फुटांवरून दहा फूट केली तर तोच फायदा साधारण अकरा टक्के. म्हणून स्थिरता विकत घ्यायची असेल तर ती रुंदीत घ्यावी. मीटरगेज आणि ब्रॉडगेज दोन्हींवर प्रवास केलेल्या ज्येष्ठांना हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. शिकणाऱ्यासाठी ३१ ते ३३ इंच रुंदी योग्य. त्याहून रुंद घेतला तर वल्हे बोर्डाच्या काठापासून दूर जाते आणि प्रत्येक फटक्याला नाक दुसऱ्या बाजूला वळते.

दुसरे माप लिटरचे, म्हणजे बोर्ड किती पाणी बाजूला सारू शकतो याचे. आर्किमिडीज शाळेत सगळ्यांनी केला आहे. समुद्राचे एक लिटर पाणी साधारण १.०२५ किलो भरते. आपल्या गटातला सर्वांत वजनदार मुलगा ८४ किलोचा आहे. बोर्ड १० किलोचा धरू. एकूण ९४ किलो. भागिले १.०२५, म्हणजे सुमारे ९२ लिटर. एवढ्या लिटरचा बोर्ड घेतला तर तो बुडणार नाही, पण त्याचा माथा बरोबर पाण्याच्या पातळीत येईल आणि मुलगा पाण्यात उभा असल्यासारखा दिसेल. पट्टीचे खेळाडू मुद्दाम असे बोर्ड वापरतात, कारण ते चपळ असतात. शिकणाऱ्याला मात्र वजनाच्या पावणेदोन ते दोन पट लिटर लागतात, असा ठोकताळा आहे. ८४ किलोला म्हणजे १४७ ते १६८. पाच जणांत एकच बोर्ड असेल तर तो सर्वांत वजनदार शिकाऊ माणसाच्या मापाने घ्यावा. ४६ किलोच्या मुलीला तो वळवायला जड जाईल, किनाऱ्यावर उचलायला दुसरा हात लागेल, पण ती त्यावर सुरक्षित राहील. उलट केले तर जड मुलगा दर मिनिटाला पडेल.

दुकानदाराने सांगितलेले लिटर घरी तपासता येतात. दहा फूट लांब, ३२ इंच रुंद, साडेचार इंच जाड बोर्ड घ्या. सेंटिमीटरमध्ये सुमारे ३०५ गुणिले ८१ गुणिले ११.४, म्हणजे जवळजवळ २८२ लिटरची पेटी. बोर्ड पेटीसारखा नसतो, नाक-शेपटीला निमुळता आणि काठांना गोल असतो. म्हणून यातले ५५ ते ६० टक्के हाती लागतात. उत्तर आले १५५ ते १७० लिटर. कोणी याच मापाच्या लाटेवरच्या बोर्डाला अडीचशे लिटर म्हणू लागला, तर त्याला हात जोडून पुढच्या दुकानात जावे.

मग त्या जाहिरातीतले तीनशे लिटर खोटे होते का? नाही. हवेचा बोर्ड साधारण सहा इंच जाड आणि काठांना जवळपास सारखाच जाड असतो, म्हणून त्याचे लिटर तेवढे भरतात. पण ते लिटर लाटेवर उपयोगी पडत नाहीत. लाटेच्या उतारावर बोर्ड टिकतो तो त्याच्या काठामुळे. आणि या खेळात काठाला काय म्हणतात ठाऊक आहे? रेल! आपल्या लोकांना हे आवडावे. मागच्या भागात ही रेल जरा धारदार असली की पाणी तिथून सुटते आणि बोर्ड लाटेत आपली जागा धरतो. हवेच्या बोर्डाची रेल मोटारीच्या ट्यूबसारखी गोल. पाणी तिला लपेटून वर येते आणि बोर्ड आडवा घसरतो. शिवाय माणूस पाण्यापासून अर्धा फूट उंच उभा, म्हणजे तोल आणखी नाजूक.

त्यात वाऱ्याचा हिशेब आहे. शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे पाठ केलेले आठवत असतील. सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. त्यामुळे पाणी गुळगुळीत, लाटा स्वच्छ, सगळे कसे सुरेख वाटते. पण तोच वारा उभ्या माणसाला शिडासारखा बाहेर ढकलतो. बोर्ड जितका जाड आणि माणूस जितका हलका, तितका जास्त. ४६ किलोची मुलगी आणि ३०० लिटरचा हवेचा बोर्ड ही जोडी मला म्हणून पसंत नाही. बोर्ड बुडणार नाही हे खरे. तो मुलीला घेऊन जाईल, ही काळजी आहे.

हवेच्या बोर्डाची जमेची बाजूही सांगितली पाहिजे. तो घडी करून पिशवीत मावतो. रेल्वेच्या नियमाने डब्यात सोबत नेण्याच्या पेटीचे माप १०० गुणिले ६० गुणिले २५ सेंटिमीटर आहे. दहा फुटी बोर्ड त्यात बसणार नाही. तो ब्रेकव्हॅनमध्ये बुक करावा लागतो आणि चढउतारात त्याला टोले बसायची भीती असते. म्हणून शांत खाडीत फिरायला, घरच्या सगळ्यांना बसवायला हवेचा बोर्ड उत्तम. तो घेतला तर दाब मोजून भरा, साधारण १५ पीएसआय. भरलेला बोर्ड उन्हात ठेवू नका. आतली हवा २७ अंशांवरून ५७ अंशांवर गेली तर १५ चे १८ पीएसआय होतात. शिवणी अशाच उसवतात.

कडक बोर्डाचे पोट म्हणजे थर्माकोलच्या जातीचा फोम आणि वर काचेचे कापड व इपॉक्सी रेझिन. त्याच्या माथ्यावर एक लहान स्क्रू असतो, त्यातून आतली हवा श्वास घेते. मंगळूर समुद्रसपाटीला, म्हैसूर साडेसातशे मीटरहून उंच. घाट चढताना बाहेरचा दाब कमी होतो आणि आतली हवा फुगते. बोर्ड इकडे आणायचा असेल तर तो स्क्रू सैल करा, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी आठवणीने घट्ट करा. दुरुस्तीची एक गोष्ट आमच्या वर्कशॉपच्या मित्रांसाठी. भेग पडली म्हणून फायबरच्या दुकानातले साधे पॉलिएस्टर रेझिन ओतू नका. ते थर्माकोल विरघळवते. इपॉक्सीच वापरा.

बाकीची अंगे थोडक्यात सांगतो. नाकाकडे थोडा वर उचललेला बाक हवा, नाही तर लाट उतरताना नाक पाण्यात घुसते आणि माणूस पुढे फेकला जातो. बाक फार असला तर सपाट पाण्यावर बोर्ड रेंगाळतो. शेपूट चौकोनी-गोलसर असावी, टोकदार नको. तळाला मधे एक मोठी फिन आणि दोन बाजूंना लहान अशी तीन फिनची रचना घ्या. मधली खाचेत मागे-पुढे सरकते. मागे सरकवली की बोर्ड सरळ जातो, पुढे आणली की लवकर वळतो. बोर्डाचा माथा मऊ फोमचा असेल तर आणखी चांगले, डोक्याला लागला तरी मार कमी बसतो.

वल्हे लाटांसाठी आपल्या उंचीपेक्षा चार ते सहा इंच लांब असावे. पाच जणांत एक म्हणून लांबी कमी-जास्त करता येणारे घ्या. पात्याला दांड्याशी थोडा बाक असतो, तो पुढच्या दिशेला ठेवायचा असतो. नवीन माणूस हमखास उलटा धरतो. घोट्याला बांधायची दोरी बोर्डाएवढी, म्हणजे दहा फुटांची घ्या. ही दोरी दुसऱ्यांसाठीही असते. सुटलेला दहा किलोचा बोर्ड लाटेबरोबर किनाऱ्याकडे येतो आणि तिथे कोणाचे तरी लहान मूल खेळत असते. वाहत्या नदीत मात्र घोट्याला दोरी बांधू नये. ती खांबाला, फांदीला अडकली तर पाण्याच्या जोरापुढे वाकून सोडवता येत नाही. तिथे कमरेला, एका झटक्यात सुटणारी दोरी लागते.

आता वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर. बोर्ड बुडत नाही, माणूस बुडू शकतो. दोरी तुटते, पट्टा सुटतो. म्हणून माझी अट अशी की ज्याला न थांबता दोनशे मीटर पोहता येत नाही, त्याचे नाव बोर्डाच्या यादीत घालायचे नाही. आधी तलावाचा पास, मग बोर्ड. खाडीत लाइफ जॅकेट प्रत्येकाने घालायचे. लाटांत उतरताना तिथला प्रशिक्षक सांगेल ते. एकट्याने कधीही उतरायचे नाही. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था लाटांच्या उंचीचे अंदाज आणि उधाणाचे इशारे देते, ते निघण्यापूर्वी पाहायचे. आणि पाण्याने बाहेर ओढलेच, तर बोर्ड सोडायचा नाही. त्यावर पालथे पडून, किनाऱ्याला समांतर हात मारत ओढीच्या बाहेर यायचे. प्रवाहाच्या उलट वल्हवून दम घालवायचा नाही.

मुलांनो, तुमच्यासाठी माझी शिफारस अशी. या मोसमात बोर्ड घेऊ नका. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत तीन-चार वेळा जा आणि प्रत्येक वेळी वेगळ्या मापाचा बोर्ड भाड्याने घ्या. वहीत तारीख, लाट, बोर्डाची मापे आणि किती वेळा पडलात ते लिहा. लॉगबुक ठेवल्याशिवाय आमच्याकडे कुठल्याच यंत्राबद्दल मत देता येत नाही. तरीही पाचही जणांचा उत्साह टिकला, तर उन्हाळ्यापूर्वी दहा फूट लांब, ३२ इंच रुंद, १५५ ते १६५ लिटरचा, मऊ माथ्याचा, तीन फिनचा कडक बोर्ड घ्या. वापरलेला मिळाला तरी चालेल. फक्त भेगा आणि पाणी शिरून वाढलेले वजन तपासा. तो म्हैसूरला आणू नका. किनाऱ्यावरच कुणाकडे रीतसर भाडे देऊन ठेवा. त्या ८४ किलोच्या दादाचा हात बसला की वर्षा-दोन वर्षांत तो लहान बोर्ड मागेल. तेव्हा हा बोर्ड धाकट्यांकडे येईल.

आणि पालकांना एक विनंती. मुले लाटांकडे जाणार आहेत, आपण नाही म्हटले तरी जाणार आहेत. त्यांना मापे घेऊन, पोहायला शिकवून, सोबत जाऊन पाठवणे आपल्या हातात आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे हे आपल्याला लहानपणापासून शिकवले गेले. त्याच चालीवर मी म्हणेन, लाट पाहून पाट घ्यावा.

चिटणिसांनी चिठ्ठी पाठवली आहे, आरतीची वेळ झाली. ज्यांना हिशेब पुन्हा समजून घ्यायचा असेल, त्यांनी आपले वजन आठवून प्रसादाच्या रांगेत मला गाठावे. मोदक खाण्यापूर्वीचे वजन धरू.

गणपती बाप्पा मोरया!